डाव्या चाकाचे डोमाजी

तुम्ही डोमाजींकडे कोणतंही दुखणं, भांडण किंवा गाऱ्हाणं घेऊन जा, त्यांचा पहिला सवाल ठरलेला: "डावं का उजवं?"

दाढ दुखते म्हटलं, डावी का उजवी? म्हैस लाथ मारते म्हटलं, कोनत्या पायानं? एकदा आमच्या कोंढ्याच्या बाजारात दोघं जण एकमेकांची गचांडी धरून भांडत होते. डोमाजी मध्ये पडले. लोकांना वाटलं, चला, वडीलधारा माणूस आहे, सोडवील. डोमाजींनी दोघांनाही नीट न्याहाळलं आणि विचारलं, "पह्यली झापड कोनत्या गालावर बसली?" भांडण तिथंच मिटलं, कारण दोघंही मिळून डोमाजींच्या अंगावर धावले.

माझं किराणा दुकान त्यांच्या घराला लागून. त्यांच्या ओसरीत रस्त्याकडे तोंड करून बसलं, की मी डाव्या हाताला. हे डाव्या हाताला असणं मला फार भोवलं, ते पुढे सांगतो. आधी ही डाव्या-उजव्याची बिमारी त्यांना लागली कुठून ते ऐका.

डोमाजींनी एकोणीसशे सत्तरच्या सुमारास नागपूरकडे लिलावातून एक जुनी लष्करी जीप आणली. धानाची शेती बरी होती, घरात मधुकर नावाचा एकुलता एक मुलगा होता, आणि बैलबंडीवाल्या गावात आपण जीपवाले व्हावं अशी हौस होती. जीप आली, नारळ फुटला, गावातली पोट्टी मागे पळाली. तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच पवनीच्या रस्त्यावर डावं चाक बसलं. पंक्चर. डोमाजी उतरले, पाना लावला आणि जगात सगळीकडे नट जसा फिरवून खोलतात तसा फिरवला. नट हलेना. मग मधुकरनं जोर लावला. मग शेतातली माणसं आली. मग पान्यात लोखंडी पाइप घालून चार माणसं त्यावर लोंबकळली. शेवटी एक बोल्ट कडकन तुटला आणि बाकीच्या नटांचे कोपरे घासून ते पार गोटीसारखे गुळगुळीत झाले. जीपवाले डोमाजी बैलबंडीत बसून घरी आले. जीपही बैलांनीच ओढून आणली.

दुसऱ्या दिवशी पवनीचा एक म्हातारा मिस्तरी आला. त्याने पाहिलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "अजी, या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकाले उलटे आटे राहतात. तुमी काल खोलून नाही, कसून राहिले होते."

हे खरं आहे. त्या जातीच्या जुन्या जीपना डाव्या चाकांचे नट उलटे असत. उजव्या चाकाचा नट ज्या बाजूला फिरवून खुलतो, त्याच बाजूला डाव्या चाकाचा फिरवला की घट्ट होतो. मिस्तऱ्याला हे ठाऊक होतं, मिलिटरीतल्या लोकांना ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून असं झालं की हा शोध डोमाजींनीच लावला! स्वतःच्या फजितीचं असं तत्त्वज्ञान करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "दुनियेची डावी बाजू उलटी आहे, दुकानदार," ते मला म्हणायचे. "लोकायले समजत नाही, म्हनून घासून राहिले सारे."

आता बोला.

हे तत्त्वज्ञान त्यांनी पहिल्यांदा बैलावर वापरलं. डाव्या अंगाला जुंपायचा बैल त्यांनी असा शिकवला, की थांब म्हटलं की तो पळायचा आणि चाल म्हटलं की उभा राहायचा. घरचा होता तोवर ठीक. पुढे तो बैल त्यांनी अड्याळच्या एका शेतकऱ्याला विकला. आठवड्याभरात तो शेतकरी मोडकी बंडी आणि फुटका गुडघा घेऊन दारात हजर. "तलावाच्या पाळीवर म्या त्याले थांब थांब म्हनून बोंबलून राहिलो, अन् तो मले घेऊन सिद्धा पान्यात!" डोमाजींनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हटलं, "उजव्या अंगाले जुंपला असन तुमी."

दुसरा बळी मी. मी डावीकडचा शेजारी, म्हणून माझ्याशी उलटं बोलायचं असं त्यांनी ठरवून टाकलं. दुकानाच्या पायरीशी उभे राहून म्हणायचे, "साखर नका देऊ." म्हणजे पावशेर बांधा. "चहा नाही पाह्यजे" म्हणजे ठेवा. सुरुवातीला माझी बायको चक्रावली. तिने नाही म्हटलेलं नाही धरलं, आणि डोमाजी तासभर ओसरीत बसून चहाची वाट पाहत राहिले. मग मला म्हणाले, "तुमच्या घरी पाहुणचार राह्यला नाही." माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तर म्हणाले, "मी तर येतच नाही. मले टाइम कुठी आहे?" लग्नाच्या दिवशी मांडवात सगळ्यात आधी हे, नवी टोपी घालून. नवरदेव यायचा होता, ते हजर होते.

जीपचं म्हणाल, तर ती रस्त्यावर कमी आणि त्यांच्या आंगणात जास्त असे. पण पवनीच्या रस्त्याने तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांच्या, जंगलवाल्यांच्या जुन्या जीपा सारख्या जात. त्यातली एखादी बंद पडली आणि लोखंडावर लोखंड वाजलं, की डोमाजी जेवणाच्या ताटावरून उठायचे. हातात पाना, काखेत पाइप, मागून सून. सुनेच्या हातात राकेलची बाटली, चिंध्या आणि हातोडी.

ही सून म्हणजे सुमित्रा. मधुकरची बायको. डोमाजींची बायको आधीच गेलेली, त्यामुळे घरात एवढीच तीन माणसं. सासऱ्याचं व्याख्यान ऐकून ऐकून पोरगी अशी तयार झाली होती की डोमाजींनी नुसता हात मागे केला की हवा तोच पाना हातात पडायचा.

एकदा एका ठेकेदाराच्या जीपचं डावं चाक बसलं. ड्रायव्हर अंगानं रेड्यासारखा. डोमाजी पोचेपर्यंत त्याने नटाचे कोपरे उडवले होते.

"चाक कोनतं आहे?" डोमाजी.

"दिसत नाही का? पुढचं."

"डावं का उजवं?"

"डावं! मग काय?"

डोमाजींनी आमच्याकडे वळून पाहिलं. नाटकातल्या नटाने प्रेक्षकांकडे पाहावं तसं. मग जमिनीवर बैठक मारली. नटाला राकेलची चिंधी गुंडाळली आणि जाहीर केलं, "आता अर्धा तास कोनी हात नाही लावायचा. राकेल मुरू द्या." तो अर्धा तास त्यांनी आट्यांवर भाषण केलं. ठेकेदार घड्याळ पाहत होता, ड्रायव्हर दात खात होता, आणि सुमित्रा पदराआड हसत होती. मग नटाच्या अंगावर चहूबाजूंनी हलके हलके ठोके. मग मापापेक्षा जरा लहान तोंडाचा पाना त्या गुळगुळीत नटावर ठोकून बसवला आणि उलटा फिरवला. कट्ट असा आवाज झाला. नट निघाला, हे मला कबूल करावंच लागेल. पण त्यानंतर डोमाजींनी ठेकेदाराला सोडला नाही. "आता इथून पुढं घरातलं डाव्या अंगाचं काहीही आटकलं तर मले इचारा," असं बजावून मगच जाऊ दिलं.

मधुकर कावीळ होऊन गेला. आठ-पंधरा दिवसांचं दुखणं, भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, लेकरू नव्हतं.

त्यानंतर जीप हललीच नाही. चालवणारा मधुकरच होता. आंगणातल्या कडुलिंबाखाली ती विटांवर चढवून ठेवली. आणि आता ऐका या माणसाची तऱ्हा: दर रविवारी डोमाजी त्या जागेवरून न हलणाऱ्या जीपचे सगळे नट खोलायचे, राकेलमध्ये धुवायचे आणि परत कसायचे. सुमित्रा शेजारी ताटली धरून उभी. राकेलसाठी लोक माझ्या दुकानासमोर डबे घेऊन रांग लावायचे आणि हे महाशय नटांना आंघोळ घालायचे! मी एकदा तडकून म्हणालो, "भाऊ, कुठी जाऊन राहिली ही जीप?"

"कुठी नाही."

"मंग कायले खोलता?"

"गंजून राहिली तर मंग निघनार नाही," ते म्हणाले. "आटकलं की आटकलं."

मी हसलो. दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगून आणखी हसवलं. गावात गमतीची गोष्ट झाली ती.

मग एके दिवशी दुपारी डोमाजी दुकानात आले, साखर नको म्हणाले नाहीत. तांदळाच्या पोत्यात बोटं घालून बसले. मग म्हणाले, "तुमच्या सिहोऱ्याच्या मावसभावाची बायको गेली न? त्या गोविंदाची?"

"गेली. वर्ष झालं."

"मानूस कसा आहे?"

माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी चाटच पडलो. सुनेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून द्यायचा विचार! आमच्यात पाट लागतात, त्यात नवल नाही. पण बाईचे भाऊ पुढाकार घेतात, सासरा नाही. सासऱ्याला तर भाकरी थापणारे हात घरात हवे असतात. गावानेही लगेच तोंड सोडलं. कोणी म्हणालं म्हाताऱ्याला सून जड झाली, कोणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला. ज्यांनी स्वतःच्या घरातल्या विधवा पोरी चुलीपाशी गाडून ठेवल्या होत्या, तेच सगळ्यात जास्त बोलले.

डोमाजी गोविंदाला पाहायला सिहोऱ्याला गेले. मी सोबत. गोविंदाची शेती विचारली नाही, घर पाहिलं नाही. त्याच्या ट्रॅक्टरपाशी जाऊन म्हणाले, "या चाकाचा एक नट खोलून परत कसून दाखवा." गोविंदाला वाटलं म्हातारा चळला. माझ्याकडे पाहून त्याने मुकाट्यानं नट खोलला, हाताने बसवला, मग पान्याने हळूहळू कसला. परत येताना एसटीत डोमाजी म्हणाले, "जोर लावनारा नाही. अंदाजानं कसते. पोरगा बरा आहे."

पाट ठरला. आता घोळ असा, की आमच्याकडे जुन्या माणसांच्या हिशेबाने पाट लागायचा तो दिवेलागणीनंतर. वाजंत्री नाही, वऱ्हाड नाही. पाटाच्या बाईने नव्या घरात अंधारातच शिरायचं, सवाशिणींच्या नजरेला पडायचं नाही. गोविंदाच्या काकांनी तसा निरोप धाडला. डोमाजी भडकले.

"काहून? कोनाची कोंबडी चोरून चालली ते? दिवसाउजेडी जाईन माही सून, अन् सिहोऱ्याच्या मेन रस्त्यानं दिवसाउजेडी घरात शिरन. कबूल असन तर या, नाही तर नका येऊ."

गोविंदा शहाणा, त्याने कबूल केलं. काका मनातून खट्टू झाले.

ठरल्या दिवशी सकाळीच आंगणात पाट लागला. डोमाजींनी गावातल्या सवाशिणींना घरोघर जाऊन बोलावलं होतं. माझ्या बायकोला म्हणाले होते, "तुमी नका येऊ." ती सगळ्यात आधी गेली. सिहोरा कोंढ्याहून लांब, भंडारा-तुमसर करत जायचं, म्हणून जेवणं लवकर उरकली. सुमित्रा नवं हिरवं लुगडं नेसून जीपमध्ये पुढच्या बाजूला बसली. जीप गोविंदाने ओळखीच्याची मागून आणली होती. चालवायला तोच. जीप डोमाजींच्या जीपचीच बहीण, तशीच जुनी.

आणि गोविंदा म्हणाला, "अरे बाप्पा, चाक बसलं!"

बाभळीचा काटा. पुढचं चाक. गोविंदाने पाना काढला. ट्रॅक्टरवाला माणूस, जीपच्या आट्यांची त्याला काय कल्पना! इतक्यात डोमाजी पुढे आले, म्हणाले, "सरका. माहं काम आहे."

मी मनात म्हटलं, आता व्याख्यान. आता सगळ्या पाहुण्यांसमोर तो सवाल, मग आटे, मग दुनियेची डावी बाजू. मी कान बंद करायच्या तयारीत होतो. पण डोमाजींनी काही विचारलंच नाही. खाली बसले, नटाला पाना लावला आणि ओढला.

सरळ, सगळं जग फिरवतं तसा. म्हणजे चुकीचा. चाक डावं होतं, आणि डोमाजी नट कसत होते.

मला आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं कान किटवले, आणि आज स्वतःच! मी तोंड उघडलंही होतं. मग त्यांचा चेहरा दिसला आणि मी ते मिटलं. त्यांना ठाऊक होतं. हात चुकत नव्हता. पाना घट्ट धरून ते त्याच बाजूला जोर लावत होते.

"गंजलं आहे," ते म्हणाले. "टाइम लागन."

पाइप आणला. गोविंदा आला, त्यालाही त्याच बाजूला ओढायला लावलं. मग राकेल घातलं. मग म्हणाले, मुरू द्या, चहा घ्या तोवर. चहा झाला, पुन्हा तेच. सावल्या लांब व्हायला लागल्या. गोविंदाचे काका खाटेवर बसून सुपारी कातरत होते, ते खुशीत येऊन म्हणाले, "राहू द्या, राहू द्या आरामात. आता पोचेपर्यंत अंधारच होते. बरंच झालं."

डोमाजींनी ते ऐकलं. हात थांबला. ज्या उजेडासाठी हा माणूस सगळ्या गावाशी भांडला होता, तो उजेड तो स्वतःच्या हाताने घालवत होता, हे त्यांना कळत होतं. आणि पाना सोडवत नव्हता. बोलावं तर कसं बोलावं, चार लोकांत म्हाताऱ्याला उघडं कसं पाडावं?

सुमित्रा जीपमधून उतरली. पदर खोचला, आणि नव्या लुगड्यानिशी सासऱ्याच्या शेजारी मातीत बसली.

"मामाजी," ती हळू म्हणाली, "डावं चाक आहे."

"मले माईत नाही काय?"

"माईत आहे," ती म्हणाली. "द्या."

त्यांनी पाना दिला. तिने तो फिरवून दुसऱ्या बाजूने लावला, पाइप घातला, हातोडीचे चार ठोके दिले आणि सगळं अंग टाकून दाबला. डोमाजींनी इतका कसून ठेवला होता की पहिल्यांदा हललाच नाही. दुसऱ्यांदा कट्ट झालं. मग एकेक नट ती काढत गेली, आणि डोमाजी शेजारी ताटली धरून बसले. ती धरायची तशीच. काकांची सुपारी कातरायची राहून गेली.

दुसरं चाक चढवल्यावर नट मात्र डोमाजींनी कसले. नीट, अंदाजाने. मग उठून गुडघे झटकले आणि सुनेला म्हणाले, "जास्त नाही कसले. तुले एकटीले खोलता आले पाह्यजे."

ती जीपमध्ये बसली. डाव्या हाताला. डोमाजी जीपची कड धरून उभे राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "आता इकडं येऊ नको. दिवाळीनंतरच्या मंडईले तर बिलकुल येऊ नको. माह्याजवळ टाइम नाही."

"नाही येत, मामाजी," सुमित्रा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. "मंडईले तर बिलकुलच नाही येत."

गोविंदा बिचारा गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत राहिला. डोमाजी त्याच्यावर ओरडले, "पाहून काय राहिले? चालवा! दिवस बुडाच्या आत!"

गोविंदाने जीप अशी पळवली, की काकांची टोपी तुमसरच्या अलीकडे उडून गेली, आणि तो ती घ्यायला थांबला नाही. सिहोऱ्यात शिरले तेव्हा ऊन घरांच्या कौलांवर होतं. बायका विहिरीवर होत्या. सगळ्यांनी पाहिलं.

इकडे डोमाजी रविवारी एकटेच नट धुवायचे. ताटली जमिनीवर ठेवायचे. मी राकेलचं काही बोलायचं सोडून दिलं.

दिवाळी झाली, आमच्या गावची मंडई आली. मंडईला सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात, घराघरांत पाहुणे, रात्रीच्या दंडारीच्या खेळाची तयारी. डोमाजी सकाळपासून नवी टोपी घालून ओसरीत बसले होते. मी दुकानातून विचारलं, "भाऊ, कोनाची वाट पाहून राहिले?"

"कोनाचीच नाही," ते म्हणाले. "कोनी नाही येऊन राह्यलं."

ऊन चढलं. माझ्या बायकोने दोनदा डोकावून पाहिलं. मग बाजाराच्या वळणावर जीपचा आवाज आला. डोमाजी उठले, पण गाडीतल्या माणसांकडे पाहिलं नाही. सरळ डाव्या चाकापाशी गेले आणि नटाला हात लावून मोठ्याने म्हणाले, "हे चाक कोनतं?"

गोविंदा उडी मारून खाली उतरला, म्हाताऱ्याच्या पाया पडला, आणि शाळेतल्या पोरासारखा उत्तरला, "डावं, मामाजी."

मामाजी. आमच्याकडे जावई सासऱ्याला म्हणतो तसं.

डोमाजी पुन्हा चाकाकडे वळले. नट चांगला होता, त्याला काही झालं नव्हतं, तरी ते खाली वाकून तो पाहत राहिले, पाहत राहिले. सुमित्रा उतरून त्यांच्या मागे उभी होती. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच ते ओरडले, "ओ दुकानदार! चहा नका पाठवू बरं!"

"नाही पाठवत," मी म्हटलं, आणि बायकोला मोठं पातेलं चढवायला सांगितलं.